इंग्लंडमधलं घर ‘डी’वरून ‘सी’वर: सोलर, इन्सुलेशन आणि ईपीसीचं गणित

इंग्लंड किंवा वेल्समध्ये घर घ्यायला निघालात की एस्टेट एजंटच्या जाहिरातीत फोटो आणि बेडरूमच्या संख्येच्या खाली एक रंगीत पट्ट्यांचा तक्ता दिसतो. वर गडद हिरवा ‘ए’, खाली लाल ‘जी’. हे एनर्जी परफॉर्मन्स सर्टिफिकेट, बोलीभाषेत ईपीसी. घर विकायचं असो की भाड्याने द्यायचं, ते लागतंच. फ्रिज आणि एसीवरचे तारे मोजून खरेदी करणाऱ्या आपल्या लोकांना त्याचा ढोबळ अर्थ लगेच लागतो. पण हा आकडा कसा निघतो हे मात्र अनेकांना घर ताब्यात आल्यावरही माहीत नसतं, आणि मग चुकीच्या कामावर पैसे जातात.

सर्वांत जास्त ऐकू येणारा समज असा: छपरावर सोलर टाकलं की घर ‘चांगल्या बँड’मध्ये जातं, म्हणजे ते उबदार होतं. यातला पहिला भाग बऱ्याचदा खरा ठरतो, दुसरा अजिबात नाही. सोलरमुळे अक्षर बदलतं, पण जानेवारीत पायाला लागणारी थंडी तेवढीच राहते. हा फरक कुठून येतो ते कळलं की कामांचा क्रम आपोआप ठरतो.

खालची सगळी माहिती इंग्लंड आणि वेल्सपुरती आहे. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये नियम वेगळे आहेत.

पायरी १: घराचं आत्ताचं सर्टिफिकेट काढून बघा

सरकारच्या गव्ह डॉट यूके संकेतस्थळावर एनर्जी सर्टिफिकेट शोधायची सोय आहे. पोस्टकोड टाकायचा, पत्ता निवडायचा, झालं. लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत, आणि स्वतःचंच घर असलं पाहिजे अशी अटही नाही. सर्टिफिकेट दहा वर्षं चालतं, त्यामुळे आधीच्या मालकाने केलेलं बहुधा सापडतंच.

तिथेच थांबू नका. इथे एकेक गल्ली एकाच बिल्डरने एकाच साच्यात बांधलेली असते. तुमच्यासारख्याच चार-पाच शेजारच्या घरांची सर्टिफिकेटं उघडा. तुमचं ‘डी’ आणि समोरचं ‘सी’ असेल तर त्यांनी काय केलंय ते त्या पानावर लिहिलेलं असतं: भिंतीत इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) भरलंय, छपराखालच्या लॉफ्टमध्ये जाड थर आहे, की छपरावर पॅनेल आहेत. एवढा नेमका सल्ला फुकटात दुसरीकडे मिळणार नाही.

भाड्याने राहायला जात असाल तरी हे बघून घ्या. घर किमान ‘ई’ असल्याशिवाय लँडलॉर्डला ते भाड्याने देता येत नाही. नव्या भाडेकरारांना हा नियम १ एप्रिल २०१८ पासून आणि चालू असलेल्या सगळ्यांना १ एप्रिल २०२० पासून लागू आहे. ‘एफ’ किंवा ‘जी’ घर भाड्याने द्यायचं तर त्याची सवलत अधिकृत नोंदवहीत नोंदवलेली असावी लागते, नाहीतर ५,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा ‘जी’ घर दाखवणाऱ्या एजंटला बेधडक विचारा.

पायरी २: अक्षर सोडा, आकडा वाचा

अक्षराच्या शेजारी एक आकडा असतो. ९२ आणि वर ‘ए’, ८१ ते ९१ ‘बी’, ६९ ते ८० ‘सी’, ५५ ते ६८ ‘डी’, ३९ ते ५४ ‘ई’, २१ ते ३८ ‘एफ’ आणि त्याखाली ‘जी’. ५६ वालं घर ‘डी’ आणि ६८ वालंही ‘डी’च. पहिल्याला ‘सी’ व्हायला मोठा खर्च आहे; दुसऱ्याचं काम कदाचित चार दिवे बदलून होईल.

त्याखाली घराच्या प्रत्येक भागाचं वर्णन येतं: भिंती, छप्पर, जमीन, खिडक्या, हीटिंग, गरम पाणी, दिवे. प्रत्येकापुढे ‘व्हेरी गुड’ ते ‘व्हेरी पुअर’ असा शेरा असतो. इथे एक शब्द शोधा: ‘असम्ड’. उदाहरणार्थ, भिंतीपुढे ‘सॉलिड ब्रिक, अ‍ॅज बिल्ट, नो इन्सुलेशन’ आणि पुढे ‘असम्ड’. याचा अर्थ तपासायला आलेल्या असेसरला काही दिसलं नाही, कागद मिळाला नाही, म्हणून त्याने घर ज्या काळात बांधलं त्या काळाची रीत धरून चालवलं. १९३० ते १९४९ मधलं घर म्हणजे अमुक भिंत, १९६७ ते १९७५ म्हणजे तमुक, अशी कोष्टकं ठरलेली आहेत. तुमच्या घरात आधीच्या मालकाने इन्सुलेशन भरून घेतलं असेल आणि कागद हरवला असेल, तर सर्टिफिकेटच्या लेखी ते भरलेलंच नाही. ज्या ओळीत ‘असम्ड’ आहे तिथे एक वीटही न हलवता गुण वाढण्याची शक्यता असते.

पुढे सुचवलेल्या कामांची यादी येते. पहिली पायरी, दुसरी, तिसरी, आणि प्रत्येकीनंतर घराचा आकडा किती होईल ते. हे आकडे एकावर एक चढत जातात: चौथ्या कामापुढे जो आकडा आहे तो पहिली तीनही कामं झाली असं धरून. सोलर पॅनेल या यादीत बहुधा शेवटाकडे असतात. नुसतं सोलर केलं तर यादीतला तो शेवटचा आकडा गाठला जाणार नाही.

पायरी ३: हा आकडा नेमका काय मोजतो

ईपीसीचा मुख्य आकडा घर किती ऊर्जा वापरतं ते मोजत नाही, प्रदूषणही नाही. तो मोजतो खर्च. तुमच्या घरात एक ‘सरासरी’ कुटुंब राहतं, दिवाणखाना २१ अंशांवर ठेवतं, ठरलेल्या तासांना हीटिंग लावतं, असं धरून वर्षाचा हीटिंग, गरम पाणी आणि दिव्यांचा खर्च काढला जातो आणि तो घराच्या क्षेत्रफळाशी ताडला जातो. या पद्धतीला सॅप म्हणतात. आधीपासून उभ्या असलेल्या घरांसाठी तिची आटोपशीर आवृत्ती आरडीसॅप.

म्हणजे तुमचं खरं बिल कुणीही बघत नाही. तुम्ही स्वेटर घालून १७ अंशांवर राहता, की आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेत म्हणून दिवसभर हीटिंग चालू आहे, याने आकडा हलत नाही.

खर्चावर आधारलेल्या या पद्धतीतून तीन गोष्टी निघतात, त्या लक्षात ठेवा.

इथे विजेचं युनिट गॅसच्या युनिटच्या साधारण चौपट महाग आहे. त्यामुळे महागडी वीज वाचवणारी कोणतीही गोष्ट गुण भरपूर देते. सोलर ही तशी गोष्ट.

उलट, साध्या विजेच्या हीटरवर चालणारं घर कितीही नीटनेटकं असलं तरी मागे पडतं. भिंतीत पक्का बसवलेला एखादा जुना इलेक्ट्रिक हीटरसुद्धा ‘दुय्यम हीटिंग’ म्हणून धरला जातो आणि गुण खातो. वापरात नसेल तर असेसर यायच्या आधी तो काढून टाका.

आणि लहान घरावर तेवढ्याच पॅनेलचे गुण मोठ्या घरापेक्षा जास्त मिळतात, कारण भागाकार क्षेत्रफळाशी आहे. मित्राच्या दोन बेडरूमच्या टेरेस्ड (भिंतीला भिंत लागून ओळीत बांधलेल्या) घराचे बारा गुण वाढले म्हणून तुमच्या चार बेडरूमच्या घराचे तितकेच वाढतील असं नाही.

पायरी ४: स्वस्तातली कामं आधी

सगळ्या पक्क्या दिव्यांमध्ये एलईडी बसवा. गुण एक-दोनच मिळतात, पण खर्चही जवळपास नाही. गरम पाण्याची टाकी असेल तर तिला ८० मिलिमीटरचं जॅकेट आणि टाकीवर थर्मोस्टॅट हवा. हीटिंगला प्रोग्रॅमर, खोलीचा थर्मोस्टॅट आणि रेडिएटरवर स्वतंत्र व्हॉल्व्ह, ही तीनही असली की नियंत्रणाच्या ओळीत चांगला शेरा मिळतो. न वापरलेलं उघडं धुराडं हवा बाहेर सोडतं आणि मोजणीतही येतं. ते बंद करायचं असेल तर आत ओल साचू नये म्हणून छोटी जाळी ठेवून, जाणकाराकडून करून घ्या.

मग लॉफ्ट. सध्या सुचवली जाणारी जाडी २७० मिलिमीटर आहे. लॉफ्टमध्ये काहीच नसेल तर पहिल्या थराचा फायदा मोठा. १०० मिलिमीटर आधीच असतील आणि त्यावर भर घातली तर एक-दोन गुण. आपल्याकडे लॉफ्ट म्हणजे भारतातून आलेल्या बॅगा आणि गणपतीच्या मखराची जागा, त्यामुळे इन्सुलेशन दाबून त्यावर फळ्या टाकलेल्या असतात. इन्सुलेशनची दाबलेली लोकर काम करत नाही. सामान ठेवायचंच असेल तर उंच पाय लावून त्यावर फळ्या टाकतात, तसं करून घ्या.

पायरी ५: भिंती

उष्णतेचा सर्वांत मोठा गळका भाग बहुतेक घरांत हाच. इन्सुलेशन नसलेल्या घरात साधारण एक तृतीयांश उष्णता भिंतीतून आणि एक चतुर्थांश छपरातून जाते असं मानतात.

तुमची भिंत कोणती हे बाहेर उभं राहून ओळखता येतं. विटांच्या फक्त लांब बाजू दिसत असतील तर बहुधा मध्ये पोकळी असलेली कॅव्हिटी भिंत. लांब आणि आखूड बाजू आलटून पालटून दिसत असतील तर सॉलिड, म्हणजे भरीव. १९२० च्या दशकाच्या आधीची, विशेषतः व्हिक्टोरियन टेरेस्ड घरं बहुतेक भरीव भिंतींची. त्यानंतर पोकळीची चाल वाढत गेली.

कॅव्हिटी रिकामी असेल तर ती भरणं हे सगळ्यात फायद्याचं काम. बाहेरून भोकं पाडून इन्सुलेशनचे बारीक मणी किंवा लोकर भरतात, सहसा एका दिवसात होतं, आणि सर्टिफिकेटांवर पाच-आठ गुणांचा फरक दिसतो. मात्र जिथे पावसाचा मारा थेट भिंतीवर बसतो किंवा विटांमधला चुना झडलाय, तिथे आधी दुरुस्ती करा. नाहीतर भरलेलं इन्सुलेशन ओल आत आणतं.

भरीव भिंतीचं काम वेगळ्या दर्जाचं आहे. आतून थर लावला तर खोल्या लहान होतात आणि स्विच-रेडिएटर सगळं हलवावं लागतं. बाहेरून लावला तर घराचा चेहरा बदलतो आणि परवानगीचा प्रश्न येतो. गुण चांगले मिळतात, खर्च हजारोंनी होतो. माझं मत: हे नुसत्या अक्षरासाठी करू नका. त्या घरात दहा-पंधरा वर्षं राहणार असाल आणि तसाही प्लास्टर काढायचाच असेल तर जरूर करा.

खिडक्यांबद्दल बहुतेकांची निराशा होते. सिंगल काचेच्या जागी डबल ग्लेझिंग केल्यावर आवाज, गारवा, ओल या सगळ्यांत फरक पडतो, पण गुण खर्चाच्या मानाने थोडेच.

घर जितकं बंदिस्त होईल तितकी आतली वाफ बाहेर जायला वाट लागते. आपलं स्वयंपाकघर फोडणीचं, कुकरच्या शिट्ट्यांचं, आणि कपडे हिवाळ्यात घरातच वाळणार. इन्सुलेशनसोबत चांगले एक्झॉस्ट फॅन बसवले नाहीत तर कोपऱ्यात काळी बुरशी धरते आणि मग दोष इन्सुलेशनला जातो.

पायरी ६: बॉयलर की हीट पंप

जुना, कंडेन्सिंग नसलेला (धुरातली उष्णता वाया घालवणारा) बॉयलर बदलून नवा घेतला तर आकडा बराच वाढतो. नवा बॉयलर आधीच असेल तर या ओळीत मिळवण्यासारखं फार उरलेलं नसतं.

हीट पंपाचं, म्हणजे बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता विजेच्या मदतीने घरात आणणाऱ्या यंत्राचं, मात्र गोंधळात टाकणारं आहे. तो एका युनिट विजेतून साधारण तीन युनिट उष्णता देतो, कार्बन खूप कमी करतो, आणि सरकार बॉयलर अपग्रेड स्कीममधून त्यासाठी ७,५०० पौंडांचं अनुदान देतं. तरीही गॅस बॉयलरच्या जागी हीट पंप बसवल्यावर ईपीसीचा आकडा जेमतेम वाढतो किंवा उलट उतरतो. कारण वरचंच: मोजणी खर्चाची आहे आणि वीज चौपट महाग. तिप्पट कार्यक्षमता चौपट दराला पुरत नाही.

त्यात भर म्हणजे पंपाचं मॉडेल सरकारी यादीत जुळलं नाही तर असेसरच्या सॉफ्टवेअरमध्ये जुजबी, कमी कार्यक्षमता धरली जाते. म्हणून मॉडेल नंबर आणि बसवल्याचा कागद त्याच्या हातात द्या. बॉयलरलाही हेच लागू. हीट पंप घ्यायचा असेल तर घ्या, पण अक्षर वाढवायला नव्हे.

पायरी ७: सोलर

आता मुख्य विषय. आधी पुण्या-नाशिकच्या अनुभवातली एक गोष्ट बाजूला ठेवू. महाराष्ट्रात नेट मीटरिंग असतं: दिवसा ग्रिडला दिलेली युनिटं रात्री घेतलेल्या युनिटांतून वजा होतात, म्हणून तिथे भाऊ ‘बिल शून्यावर आलं’ म्हणतो. इथे तसं नाही. तुम्ही घेतलेली वीज पूर्ण दराने, आणि दिलेल्या विजेला स्मार्ट एक्स्पोर्ट गॅरंटी या २०२० पासूनच्या योजनेखाली वेगळा, सहसा कमी दर. तो कंपनीगणिक बदलतो, त्यामुळे दर तुलना करून ठरवा. सोलरने तयार केलेल्या विजेसाठी ठरलेले पैसे देणारी जुनी फीड-इन टॅरिफ योजना नवीन लोकांसाठी २०१९ मध्येच बंद झाली; तिच्या गोष्टी सांगणारे काका मंडळाच्या कार्यक्रमात भेटतील, त्यांचा करार त्यांच्यापुरता.

दुसरा फरक सूर्याचा. दक्षिण इंग्लंडमध्ये दक्षिणेकडे तोंड असलेल्या चांगल्या छपरावर एक किलोवॉट क्षमतेमागे वर्षाला ८५० ते १,००० युनिटं मिळतात. चार किलोवॉटची यंत्रणा म्हणजे साधारण ३,४०० ते ४,००० युनिटं. पण डिसेंबरचं उत्पादन जूनच्या जेमतेम पाचव्या हिश्शाइतकं. ज्या महिन्यांत घर तापवायला सर्वांत जास्त ऊर्जा लागते त्याच महिन्यांत पॅनेल झोपलेली असतात. इन्सुलेशन नसलेल्या घरावर सोलर टाकणं म्हणजे भांड्यावर झाकण न ठेवता शेगडी मोठी करणं.

ईपीसीच्या हिशोबात मात्र वर्षाचं उत्पादन एकत्र धरलं जातं आणि त्याची किंमत घराच्या वार्षिक खर्चातून वजा होते. म्हणून सोलरचे गुण ठसठशीत दिसतात: मध्यम आकाराच्या घराला आठ ते बारा हे साधारण चित्र. ६० वर असलेलं ‘डी’ घर एका झटक्यात ‘सी’च्या दारात येतं. विकायला काढलेल्या घरांवर ऐनवेळी पॅनेल चढतात त्याचं गमक हेच.

असेसर सोलरबद्दल काय नोंदवतो? क्षमता किती किलोवॉट, छपराची दिशा, उतार, सावली किती, आणि यंत्रणा तुमच्याच मीटरला जोडलेली आहे का. शेवटचा मुद्दा फ्लॅटवाल्यांसाठी: इमारतीच्या छपरावर पॅनेल आहेत पण ती सामायिक दिव्यांच्या मीटरला जोडलीत, तर तुमच्या फ्लॅटच्या आकड्यात त्यांचा हिशोब धरता येत नाही.

क्षमतेच्या नोंदीत पैसे बुडतात ते असे. असेसर छपरावर चढत नाही. कागद नसेल तर तो छपराचा किती टक्के भाग पॅनेलने व्यापलाय ते नोंदवतो, आणि सॉफ्टवेअर दर चौरस मीटरला ०.१२ किलोवॉट असा जुन्या काळातला हिशोब लावतं. आजची पॅनेल दर चौरस मीटरला ०.२ किलोवॉटहून जास्त देतात. म्हणजे ४३० वॉटची दहा पॅनेल, एकूण ४.३ किलोवॉट, साधारण साडेएकोणीस चौरस मीटर जागा. कागदाशिवाय ती २.३ किलोवॉटच्या आसपास धरली जाणार. जवळपास निम्मे गुण हवेत गेले. एमसीएस (सोलरसारख्या यंत्रणा बसवणाऱ्यांना मान्यता देणारी योजना) सर्टिफिकेट, ज्यावर क्षमता लिहिलेली असते, ते फ्रिजवर चिकटवून ठेवा म्हटलं तरी चालेल.

पूर्व-पश्चिम छपराने घाबरू नका. उत्पादन दक्षिणेपेक्षा पंधरा-वीस टक्के कमी येतं, पण सकाळी आणि संध्याकाळी वीज मिळते आणि घरात वापरली जाते. उत्तरेकडच्या तीव्र उतारावर मात्र विक्रेता कितीही आग्रह करो, टाळा.

खरेदी करताना बघायच्या गोष्टी: बसवणारा एमसीएस नोंदणीकृत हवा, नाहीतर विजेच्या विक्रीचे पैसे मिळायला अडचण येते. इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) एका फेजला ३.६८ किलोवॉटपर्यंत असेल तर स्थानिक वितरण कंपनीला बसवल्यानंतर कळवलं तरी चालतं. त्यापेक्षा मोठा असेल तर आधी परवानगी. हे काम बसवणाऱ्याचं, पण केल्याचं पत्र तुमच्याकडे मागून घ्या. साध्या घराच्या छपराला सहसा प्लॅनिंग परवानगी लागत नाही. लिस्टेड, म्हणजे वारसा म्हणून जपलेल्या, इमारतीला लागते, आणि लीजहोल्ड फ्लॅट असेल तर फ्रीहोल्डरची, म्हणजे इमारतीच्या मूळ मालकाची, संमती लागते. सोलर, बॅटरी आणि इन्सुलेशनवर ३१ मार्च २०२७ पर्यंत व्हॅट शून्य आहे. कोटेशनमध्ये तो लावलेला दिसला तर विचारा.

बॅटरी घ्यावी का? संध्याकाळी सगळे घरी येणारं कुटुंब असेल तर बिलासाठी उपयोगी, विशेषतः रात्रीच्या स्वस्त दराने भरून ठेवली तर. ईपीसीसाठी आधी बॅटरीचा काहीच फायदा नव्हता. १५ जून २०२५ पासून आलेल्या आरडीसॅप १० मध्ये तिची नोंद होते, पण तेवढ्यासाठी घ्यावी असे गुण त्यातून मिळत नाहीत. छपरावरचं सोलर वॉटर हीटर, जे आपल्याकडे सोसायट्यांवर सर्रास दिसतं, ते इथे गॅसच्या घरात एक-दोन गुणांपुरतंच, कारण ते स्वस्त गॅस वाचवतं, महाग वीज नाही.

पायरी ८: नवं सर्टिफिकेट, आणि ते कधी

काम केलं म्हणून जुनं सर्टिफिकेट आपोआप बदलत नाही. नवा असेसर बोलवावा लागतो. गव्ह डॉट यूकेवरच मान्यताप्राप्त असेसरांची यादी आहे. घराच्या आकाराप्रमाणे साधारण ६० ते १२० पौंड लागतात. प्रत्येक कामानंतर बोलवू नका, सगळी कामं झाल्यावर एकदाच.

पण आधी विचार करा. नवं सर्टिफिकेट नोंदवलं की तेच लागू होतं, जुनं चांगलं असलं तरी. आरडीसॅप १० मध्ये खिडक्या मोजाव्या लागतात, तपशील जास्त घेतला जातो, त्यामुळे आकडा कोणत्याही बाजूला सरकू शकतो. तुमचा आकडा ६९ किंवा ७० असेल, सर्टिफिकेटची चार वर्षं उरली असतील आणि मोठं काम केलेलं नसेल, तर उगाच हात लावू नका. काठावर असाल तर असेसरला आधीच सांगा की नोंदणी करण्यापूर्वी आकडा किती येतोय ते कळवा.

तो येणार त्या दिवशी एक फोल्डर तयार ठेवा: कॅव्हिटी भरल्याची सीगा या संस्थेची हमी, खिडक्या नियमाप्रमाणे बसवल्याचं फेन्सा सर्टिफिकेट, बॉयलर किंवा हीट पंपाचा मॉडेल नंबर, एमसीएस सर्टिफिकेट, लॉफ्टमध्ये खोली काढली असेल किंवा मागे वाढीव बांधकाम असेल तर बिल्डिंग कंट्रोलचा पूर्णत्वाचा दाखला. लॉफ्टच्या झडपेखाली कपाट उभं असेल तर हलवा. झडप उघडता आली नाही की २७० मिलिमीटर इन्सुलेशन ‘असम्ड’च्या रकान्यात जातं. ‘आम्ही केलंय हो, विश्वास ठेवा’ याला त्याच्या फॉर्ममध्ये जागा नाही. त्याचाही हिशोब पुढे तपासला जातो.

घाई करण्याआधी

ही पद्धत बदलायच्या वाटेवर आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने मांडलेल्या प्रस्तावात एका आकड्याऐवजी चार गोष्टी वेगवेगळ्या दाखवायच्या होत्या: घराच्या बांधणीची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता, हीटिंगची पद्धत, ‘स्मार्ट’ वापराची तयारी आणि खर्च. सॅपच्या जागी होम एनर्जी मॉडेल नावाची नवी मोजणी येऊ घातली आहे, आणि भाड्याची घरं २०३० पर्यंत ‘सी’च्या पातळीवर न्यायची असा सरकारचा रोख आहे. बांधणीचा रकाना वेगळा झाला की नुसत्या पॅनेलने झाकलेली गळकी भिंत त्यात उघडी पडेल. गुंतवणुकीसाठी घर घेऊन भाड्याने देणाऱ्या आपल्या मंडळींनी हे विशेष लक्षात घ्यावं: आज सोलरने ‘सी’ मिळवलं म्हणजे उद्याचंही झालं, असं धरू नका.

दारावर येऊन ‘सरकारी योजनेतून फुकट’ म्हणणाऱ्यांना तिथल्या तिथे सही देऊ नका. छपराच्या आतून फवारायचं स्प्रे फोम इन्सुलेशन तर टाळाच. लाकडाची अवस्था दिसेनाशी होते म्हणून अनेक मॉर्गेज कंपन्या अशा घरावर कर्ज द्यायला कचरतात, आणि विकताना ते खरवडून काढायची वेळ येते.

आणि पॅनेल असलेलं घर विकत घेत असाल तर सॉलिसिटरला पहिला प्रश्न हा विचारायला सांगा: पॅनेल मालकाची आहेत की छप्पर कुणा कंपनीला भाड्याने दिलंय? फीड-इन टॅरिफच्या काळात अनेकांनी पंचवीस वर्षांच्या कराराने छप्पर देऊन टाकलं. अशा घरात पॅनेल दुसऱ्याची असतात, जुन्या योजनेचे पैसे त्या कंपनीला जातात, आणि मॉर्गेज देणारा तो करार वाचल्याशिवाय पुढे सरकत नाही. पॅनेल मालकाचीच असतील तर एमसीएस सर्टिफिकेट, इन्व्हर्टरची वॉरंटी आणि वितरण कंपनीला कळवल्याचं पत्र, हे तीनही कागद करार पक्का होण्याआधीच मागून घ्या. चाव्या हातात आल्यावर जुना मालक फोन उचलेलच असं नाही.